यादीतलं बारावं नाव

मी केस कापते. शिराउराच्या बंदरावर, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. गावातलं प्रत्येक डोकं माझ्या हाताखालून गेलंय आणि त्या डोक्यात काय चाललंय तेही मला बऱ्यापैकी कळतं. म्हणून सांगते, गेल्या वर्षी हात्सुएसानच्या बाबतीत गावाने जे केलं ते अज्ञानातून नव्हतं. सगळ्यांना सगळं कळत होतं. मलाही कळत होतं. तरी आम्ही मूग गिळून बसलो.

हात्सुए शिओझाकी, वय अडुसष्ट. तिचं घर माझ्या दुकानाला लागून. बांधा ठेंगणा, आवाज मोठा, पायात बारा महिने रबरी बूट. सकाळी भल्यामोठ्या मगात कॉफी घेऊन ती दारात उभ्याउभ्याच प्यायची. कुणाकडे गेली की बाहेरून खाकरणं नाही, वाकणं नाही. दार सरकवायची आणि विचारायची, "आहात ना जिवंत?" आम्हाला हसू यायचं. सत्तावीस वर्षं कॅनडात काढल्यावर बाई अशीच होणार, म्हणायचो.

शिराउरात कॅनडाला जाण्याचं कुणाला अप्रूप नाही. पणजोबांच्या काळापासून आमची माणसं तिथल्या नदीच्या मुखाशी सामन मासे पकडायला जात आली. दर तिसऱ्या घरात तिथल्या बोटीचा फोटो लटकतो. आमच्या थडग्यांच्या दगडांवर तिकडे मेलेल्यांचीही नावं आहेत. वस्तीप्रमुख तोकुजी हामानाका, ज्याच्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचंय, त्याचं घर अजून तिकडच्या पद्धतीच्या रंगीत फळ्यांचं आहे. त्याच्या आजोबांनी बांधलेलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण बाकी कुठल्या गावाने हे केलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं.

हात्सुएसान सव्विसाव्या वर्षी लग्न करून तिकडे गेली. नवरा गावातलाच, पण तीन पिढ्या तिकडे बोट चालवणाऱ्या घरातला. ती माशांच्या कारखान्यात गाबोळी, म्हणजे माशांची अंडी, खारवायची. मुलगी नाओमी सहा वर्षांची असताना नवऱ्याची बोट उलटली. पोर पदरात, परका मुलूख. बंदरावर मासळी तपासणाऱ्या सरकारी कचेरीत एक जागा होती. पक्की नोकरी, आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन. पण तिथे आधी त्या देशाचे नागरिक, मग बाकीचे. तिने अर्ज केला. एका शाळेच्या हॉलमध्ये चाळीस जणांबरोबर उभं राहून शपथ घेतली, कागदी बशीतून केकचा तुकडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. तो एकोणीसशे एक्क्याण्णवचा जून महिना. इकडचं काही सुटतंय असं तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. जपानी पासपोर्ट खणात होता, गावच्या नोंदीत नाव होतं, मग सुटणार काय?

पुढे इथे तिच्या आईला भ्रम व्हायला लागला. आई भर दुपारी बंदरावर येऊन चाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीची वाट पाहत उभी राहायची. नाओमी तोवर मिळवती झाली होती. हात्सुएसान नोकरी सोडून परत आली आणि तिने सहा वर्षं आईचं सगळं केलं. आई गेल्यावर ती नाओमीकडे जाईल असं आम्हाला वाटलं होतं. गेली नाही. म्हणाली, "आता इथल्या उतारांची पायांना सवय झालीय."

त्याच सुमाराला गावाला कल्याण प्रतिनिधी मिळेना. हे काम बिनपगारी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायचं, त्यांची औषधं बघायची, त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, कुणाचं दार दुपारपर्यंत उघडलं नाही तर आधी आपण जाऊन पाहायचं. आणि वस्तीची यादी सांभाळायची. आमच्याकडे मोठा भूकंप झाला तर समुद्र सहा मिनिटांत आत येतो, असं मोजून ठेवलंय. सहा मिनिटांत स्वतःच्या पायांनी टेकडीवर जाऊ न शकणाऱ्यांची ती यादी. कोण कुठल्या खोलीत झोपतं, कुणाचा कुठला कान चालतो, कुणाला हातगाडीवर बसवायचं, कुणाला पाठीवर घ्यायचं. कोण रात्री दाराला आतून कडी लावतं तेही त्यात असतं, म्हणून ती यादी कुणाच्याही हाती देत नाहीत.

हे काम नको म्हणून गावातल्या धडधाकट माणसांना अचानक पाठदुखी सुरू झाली. तेव्हा तोकुजी मिठाईचा डबा घेऊन हात्सुएसानच्या दारात तीनदा आला. तिसऱ्या खेपेला दारातच गुडघे टेकून बसला. मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. ती म्हणाली, "उठ रे, गुडघे दुखतील. करते." आणि तिने नऊ वर्षं केलं. यादीत अकरा म्हातारी माणसं होती. दर दोन महिन्यांनी ती यादी नव्याने लिहायची, कारण म्हातारी माणसं खोल्या बदलतात. उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला, थंडीत उन्हाच्या बाजूला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नाओमीचा फोन आला. पोटात गाठ निघाली होती, जुलैत ऑपरेशन ठरलं होतं. घरी दुसरं कुणी नव्हतं. हात्सुएसानचा पासपोर्ट कधीचाच संपलेला, म्हणून ती शहरात जाऊन नव्यासाठी अर्ज भरायला बसली.

त्या अर्जात एक प्रश्न असतो. तुमच्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आहे का? असल्यास कधी घेतलं, कसं घेतलं? आमच्या गावात याचं उत्तर काय द्यायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 'नाही'वर खूण करायची आणि सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. किती जणांनी केलंय ते मी सांगू शकते, पण सांगणार नाही. तिकडून परतलेलं कुणी पासपोर्टला निघालं की आधी माझ्या खुर्चीत बसून फोटोसाठी केस कापून घेतं, आणि हा विषय निघतोच. हात्सुएसानने मात्र केस घरीच कापले. आणि म्हाताऱ्यांना रिकामा रकाना सोडला म्हणून नऊ वर्षं दटावणारी ही बाई, तिने सगळे रकाने भरले. देश लिहिला, तारीख लिहिली, 'स्वतः अर्ज करून' असंही सुवाच्य अक्षरात लिहिलं.

खिडकीमागच्या तरुण मुलाने कागद वाचला, आत गेला, दोन वरिष्ठांना घेऊन आला. तिघंही वाकले. मग त्यांतल्या एका वरिष्ठाने सांगितलं की आपण एक्क्याण्णव सालच्या चौदा जूनपासून जपानी राहिलेल्या नाहीत. स्वतःच्या मर्जीने दुसरं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी पहिलं आपोआप गेलं. सरकारला हे आज कळलं इतकंच.

"मी दर निवडणुकीत मत दिलंय," हात्सुएसान म्हणाली.

त्याबद्दल आपण आत्ता बोलायला नको, असं तो वरिष्ठ म्हणाला. त्याने तिला एक चिठ्ठी दिली. महिन्याभरात गावच्या कचेरीत नागरिकत्व गमावल्याचा कागद भरून द्यायचा. मग देशात राहण्याची परवानगी मागायची. कारण आज या घटकेला आपण परवान्याशिवाय राहणाऱ्या परदेशी आहात. हे सगळं तो अत्यंत आदराने बोलला. मला त्या आदराचाच जास्त राग येतो. शिवी दिली असती तर परत देता तरी आली असती.

बातमी ती यायच्या आधी गावात आली. आठ दिवसांनी कचेरीचं पत्र तोकुजीकडे आलं आणि त्याने रविवारी दुपारी वस्तीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. मी नेहमीसारखी चहा द्यायला होते. पत्रात लिहिलं होतं की कल्याण प्रतिनिधी व्हायला मतदार असावं लागतं, शिओझाकीबाई मतदार नाहीत, तरी त्यांच्याकडील यादी व कागदपत्रं ताब्यात घ्यावीत. इथपर्यंत ठीक. कायदा वाईट असेल, पण कायदा आहे. तोकुजीने पत्र वाचून यादी मागितली असती आणि नऊ वर्षांबद्दल दोन शब्द बोलून बैठक संपवली असती, तर मी आज हे सांगत बसले नसते.

पण पेट्रोल पंपवाला निशिदे उठला. पंचेचाळिशीचा माणूस, पंपावर झेंडा लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला देशाबद्दल ऐकवतो. म्हणाला की प्रश्न कागदाचा नाही, मनाचा आहे. दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहिलेली बाई आमच्या आईबापांच्या झोपायच्या खोल्यांची यादी नऊ वर्षं घरात ठेवून होती. उद्या खरंच काही पेटलं तर ही कुणाच्या बाजूने?

हॉलमध्ये पंचवीस माणसं होती. एकही हसलं नाही. कॅनडा आमच्यावर चालून येणार आणि आधी यादीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या तोमेआजीची खोली शोधणार, यावर हसायला नको होतं का?

हात्सुएसान बसल्या जागेवरून म्हणाली, "निशिदे, फेब्रुवारीत तुझी आई संडासात पडली. तू पंपावर होतास. मी उचलली, मी धुतली, मी कपडे बदलले. तेव्हा मी कुठल्या देशाची होते ते सांग. मलाही कळू दे."

निशिदे खाली बसला. तोकुजी घसा साफ करत म्हणाला, "तसं नाही गं, हात्सुए. तुझ्यावर कुणाचा राग नाही. पण लोकांना विचारावंसं वाटतं. मनापासून सांग, तू नक्की कुठली?"

"नियम वाचलास, तो मला कळला. आता निष्ठेचं कशाला काढतोस?"

"सांगायला काय हरकत आहे?"

"तुझ्या आजोबांना विचारलं होतं तेव्हा त्यांनी काय सांगितलं होतं?"

तोकुजी लाल झाला. त्याच्या आजोबांची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या, त्या लढाईच्या आधी ते तिकडून परत आले. बायको आणि धाकटी मुलं तिकडेच राहिली आणि जपानी म्हणून तिकडच्या सरकारच्या कैदी छावणीत गेली. इकडे आजोबा इंग्रजी जाणतात म्हणून पोलीस दर आठवड्याला ठाण्यावर नेऊन हेच विचारायचे. मनापासून सांग, तू नक्की कुठला? एकदा त्यांना उचलून घरी आणावं लागलं. आणि त्यांचा नातू त्याच रंगीत फळ्यांच्या घरातून उठून येतो आणि तोच प्रश्न मिठाईच्या आवाजात विचारतो. माझ्या हातात किटली होती. मला वाटलं, आता बोलावं. मी निशिदेच्या कपात चहा ओतला. हे मी लपवणार नाही, कारण इतरांवर तोंडसुख घ्यायचं आणि आपण सुटायचं हे बरं नाही.

हात्सुएसानने पिशवीतून यादीची वही काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, "वही घे. डोक्यात आहे तिचं काय करू?"

"विसर," तोकुजी म्हणाला.

खरोखर म्हणाला. आणि वर हेही सांगितलं की आता म्हाताऱ्यांकडे जाऊ नकोस, त्यांचा गोंधळ होईल. दुसरं कुणी मिळेपर्यंत वही त्याच्याकडेच राहणार होती. बैठक संपताना त्याने पुढच्या रविवारी थडग्यांच्या वाटेवरचं गवत कापायचं असल्याची आठवण केली, प्रत्येक घरातून एक जण. हात्सुएसानच्या घरातूनही. गवत कापायला परदेशी माणूस चालत होता.

कचेरीत तो कागद भरायला मी तिच्याबरोबर गेले. किटलीचं ओझं मनावर होतं. आदल्या दिवशी ती लपूनछपून तोमेआजीकडे जाऊन तिची जुनी गोष्ट पुन्हा ऐकून आली होती. तोमेआजी शहाण्णव वर्षांची. तिचा जन्मच तिकडचा. लढाईत तिच्या घरच्यांचं घरदार, बोट काढून घेतली आणि सगळ्यांना छावणीत ठेवलं. लढाई संपल्यावर सरकारी माणूस फॉर्म घेऊन आला. जपानला 'परत' जायला आम्ही आपल्या मर्जीने तयार आहोत, असा. आजी तेव्हा सतरा वर्षांची, जपान तिने चित्रातही धड पाहिलं नव्हतं. सही नाही केली तर डोंगरापलीकडे कुठेतरी जावं लागणार होतं, हाताला काम नाही, थंडी मरणाची. बापाने सही केली. मग त्या सहीवर बोट ठेवून तिकडचे लोक म्हणाले, बघा, यांची निष्ठा नव्हतीच. आणि इकडे उतरल्यावर शाळेतली पोरं तिला 'अमेरिकी' म्हणून दगड मारायची.

आता या कागदावरही तसाच रकाना होता. गमावण्याचं कारण. आणि कसं लिहायचं त्याचा नमुना कचेरीतल्या बाईने पुढे सरकवला होता. 'स्वतःच्या मर्जीने परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे.'

हात्सुएसानने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "मर्जीने नाही. नवरा मेला म्हणून."

तसा रकाना नाही, असं ती बाई म्हणाली.

"मग मी त्याच्या बाजूला लिहिते."

बाजूला लिहिलेलं संगणकात घेता येत नाही. दुपारच्या सुट्टीची धून वाजली, दिवे मालवले, माणसं डबे खायला गेली. आम्ही दोघी त्या काउंटरपुढे बसून राहिलो. मी म्हटलं, उठ, नको भरूस, काय करतील? ती म्हणाली, "मियो, नाओमीचं ऑपरेशन जुलैत आहे." एक वाजता दिवे लागले तेव्हा तिने लिहिलं. स्वतःच्या मर्जीने. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य. मग शिक्का मारला.

आणि त्याचा उपयोग काय झाला? काहीच नाही. राहण्याच्या परवानगीसाठी शहरातल्या दुसऱ्या कचेरीत तिच्या बोटांचे ठसे घेतले. 'या देशात राहण्याचा उद्देश' असा प्रश्न होता, तिथे तिने लिहिलं, 'घर इथे आहे.' निकाल लागायच्या आत बाहेर गेलात तर परत यायची खात्री देता येणार नाही, असं सांगितलं. परवानगी मिळाली ती ऑक्टोबरात. जुलैत नाओमी एकटीच दवाखान्यात गेली, एकटीच टॅक्सीने घरी आली. देवाच्या दयेने बरी आहे. त्या दिवशी हात्सुएसान माझ्या दुकानात फोन मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून होती. आरशात मला दिसत होती. तिने रडून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

म्हाताऱ्यांकडे तिने जाणं सोडलं नव्हतं, फक्त चोरासारखं जावं लागत होतं. भाजी द्यायच्या निमित्ताने, मांजर शोधायच्या निमित्ताने. सप्टेंबरात निशिदेने ते पाहिलं आणि तोकुजीने घरी येऊन तिला समज दिली. नवी परवानगी यायची आहे, उगाच तक्रार झाली तर तुझंच नुकसान, असं म्हणाला. आवाज पुन्हा तोच मिठाईचा. त्यानंतर मात्र ती गेली नाही. अकरा घरांत तिच्याऐवजी तोकुजी महिन्यातून एकदा जायचा आणि दारातून हाक मारून वहीत खूण करायचा.

मग नोव्हेंबरची पाच तारीख आली. दरवर्षी त्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजतो आणि सगळं गाव टेकडीवर जायचा सराव करतं. चार दिवस आधी कचेरीने संगणकावर काढलेली नवी यादी पाठवली. नावं बारा होती. पहिली अकरा वहीतली, जशी एप्रिलमध्ये होती तशीच उतरवलेली. बारावं नाव हात्सुए शिओझाकी. मदतीची गरज का, त्या रकान्यात लिहिलं होतं: परदेशी नागरिक. भोंग्यावरच्या सूचना न समजण्याची शक्यता.

मी ती यादी तोकुजीच्या हातात पाहिली. तो केस कापायला आला होता आणि कागद गुडघ्यावर ठेवून बसला होता. या वेळी मी गप्प बसले नाही. कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, हे नाव खोड. तो म्हणाला, संगणकातून आलंय. मी म्हटलं, तुझ्याकडे पेन आहे. तो म्हणाला, खोडलं तर का खोडलं ते लिहावं लागतं. मी त्याचे केस अर्धेच कापून त्याला उठवलं. तो अर्ध्या केसांनिशी घरी गेला. तेवढंच माझ्या हातात होतं.

पाच तारखेला भोंगा वाजला. दंडावर पट्टी बांधून तोकुजी आणि निशिदे यादीप्रमाणे घरं तपासत निघाले, म्हाताऱ्यांना वर न्यायला मागून दुसरी माणसं होती. सगळ्यात शेवटी हात्सुएसानच्या दारात आले. ती बूट घालून उंबऱ्यावर बसली होती. मी माझ्या दारात होते, समोरच्या तीन घरांतली माणसंही टेकडीकडे निघायची थांबली. तोकुजीच्या हातात प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता होता. त्यावर लाटेचं चित्र, डोंगराचं चित्र, धावणाऱ्या माणसाचं चित्र. परदेशी माणसाला तो दाखवून हळू वाचून दाखवायचा असा नियम.

"हात्सुए, चल," तो म्हणाला.

"आधी वाच. नियम आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वाचलं. भूकंप झाला. लाट येते. उंच जागी जा.

"कळलं नाही. हळू वाच."

त्याने पुन्हा वाचलं. निशिदे बुटांकडे पाहत होता.

"मोठ्याने वाच, तोकुजी. मी परदेशी आहे."

तिसऱ्यांदा त्याने वाचलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मला वाटलं होतं मला हसू येईल. आलं नाही. सत्तरीचा म्हातारा अडुसष्ट वर्षांच्या बाईला, जिच्याबरोबर तो याच टेकडीवर शाळेला जात होता, डोंगराचं चित्र बोटाने दाखवत होता.

मग हात्सुएसानने विचारलं, "तोमेआजी वर पोचली?"

निशिदेने यादी पाहून सांगितलं की पुढची खोली रिकामी होती, आजी आधीच कुणाबरोबर तरी गेली असणार, खूण केली.

"ती जूनपासून मागच्या खोलीत झोपते," हात्सुएसान म्हणाली. "डावा कान गेलाय. दारातली हाक ऐकू येत नाही. आत जाऊन हात लावावा लागतो."

भोंगा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

ती उठली. तोकुजी म्हणाला की तू यादीत आहेस, तुला वर नेल्याशिवाय आम्हाला दुसरीकडे जाता येत नाही. ती हातगाडी ओढत गल्लीतून निघाली. मी मागे गेले, ते दोघेही आले.

तोमेआजी मागच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. बूट घातलेले, टोपी घातलेली, पिशवी मांडीवर. भोंगा तिला उजव्या कानाने ऐकू आला होता आणि तेव्हापासून ती तशीच बसून होती. हात्सुएसानला पाहून म्हणाली, "उशीर केलास."

"हो. आता मीही यादीत आहे, आजी. मला कुणी न्यायला आल्याशिवाय निघता येत नाही."

तोमेआजीने यावर विचार केला. मग दारात उभ्या असलेल्या आम्हा तिघांकडे पाहिलं आणि पुन्हा हात्सुएसानकडे.

"तुला का टाकलं त्यात?"

"मी परदेशी."

"मग मी कोण?" तोमेआजीने विचारलं. तोकुजीला विचारलं. तो वस्तीप्रमुख, त्याला माहीत असायला हवं होतं. त्याच्याकडे यादी होती, तक्ता होता, पण हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

हात्सुएसानने वाकून आजीला उचललं, गाडीवर बसवलं आणि चढाला लागली. तोकुजीने मागून ढकलायला हात लावला, तो तिने काढायला लावला नाही. वर पोचायला आणखी अकरा मिनिटं लागली. त्या संध्याकाळी तोकुजीने कचेरीला पाठवलेला अहवाल माझ्या दुकानाशेजारच्या फळ्यावर लागला आणि अजून तिथेच आहे: मदतीची गरज असलेले बारा, पैकी परदेशी नागरिक एक. सर्वांना वस्तीच्या कार्यकर्त्यांनी वेळेत सुखरूप हलवले.